अथेन्सच्या तोंडी घातलेली शिवी

मतदानाची तारीख जवळ आली की एक वाक्य हमखास फिरू लागतं. प्राचीन अथेन्समध्ये जो नागरिक मत द्यायला जात नसे, गावकीच्या कामात लक्ष घालत नसे, त्याला ग्रीक लोक ‘इदिओतेस’ म्हणत. आजचा ‘इडियट’ तिथूनच आला. तेव्हा घराबाहेर पडा, मत द्या, इडियट ठरू नका. हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर येतं, मतदार जागृतीच्या भाषणांत येतं, वर्तमानपत्रांच्या सदरांतही डोकावतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शहाण्या माणसांचा दाखला मिळतो. त्यामुळे ते तपासून पाहण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

मला ते तपासायचं आहे आणि खोडून काढायचं आहे. ‘इडियट’ हा ‘इदिओतेस’चा वंशज आहे एवढंच त्यात खरं. मत न देणाऱ्यासाठी अथेन्सने ठेवलेलं हे नाव नव्हे. उलट सभेला जाऊन हात वर करणारा, न्यायालयात बसून निकाल देणारा जो बिनपदाचा साधा नागरिक, त्याला हा शब्द लागत असे. आणि पुढच्या काळात या शब्दाची शिवी कशी झाली, ती कुणाच्या माथी मारली गेली, हे पाहिलं तर मतदानाच्या प्रचाराला याहून अयोग्य शब्द शोधूनही सापडणार नाही.

आधी शब्द बघू. ‘इदिओस’ म्हणजे स्वतःचं, खासगी, ज्याचं त्याचं. व्युत्पत्तीचे अनेक अभ्यासक त्याचं नातं आपल्या ‘स्व’शी लावतात. त्यावरून इदिओतेस म्हणजे पदाशिवायचा, स्वतःपुरता माणूस. आता कोणतं पद नाही, हे त्याच्या समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. राजासमोर तो प्रजाजन असतो, सेनापतीसमोर साधा शिपाई, कवीसमोर गद्यात बोलणारा, वैद्यासमोर वैद्यकी न शिकलेला. इ.स.पू. ४३० साली अथेन्समध्ये भयंकर साथ आली. इतिहासकार थुसिडिडीज स्वतः त्या आजारातून उठला आणि त्याने साथीचं वर्णन लिहून ठेवलं. ते सुरू करताना तो म्हणतो की ही साथ कशामुळे आली याबद्दल वैद्य असो की इदिओतेस, ज्याने त्याने आपलं मत सांगावं. मी फक्त ती कशी होती ते सांगतो. इथे इदिओतेस मूर्ख नाही, की मतदान टाळणाराही नाही. तो तुमच्या-माझ्यासारखा वैद्य नसलेला माणूस आहे. झेनोफनच्या लष्करी आठवणींत क्लेआर्खोस हा सेनानी सैनिकांना सांगतो की रसद नसेल तर सेनापती आणि इदिओतेस दोघेही सारखेच निरुपयोगी. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात ‘प्राचीन वैद्यक’ नावाचा एक प्रबंध आहे. त्याच्या लेखकाने तर वैद्यांनाच बजावलं आहे की तुमचं बोलणं इदिओतेसला, म्हणजे रुग्णाला, समजलं नाही तर तुम्ही सत्याला चुकलात.

हिरोडोटसची एक गोष्ट मला या वादात फार मोलाची वाटते. लिडियाचा अतिश्रीमंत राजा क्रीसस अथेन्सच्या सोलोनला आपला खजिना दाखवतो आणि विचारतो, तू पाहिलेल्या माणसांत सर्वांत सुखी कोण? आपलं नाव येईल अशी त्याची खात्री असते. सोलोन नाव घेतो अथेन्सच्या टेलोसचं. टेलोसने मुलं-नातवंडं पाहिली, आणि शेजाऱ्यांशी एल्युसिस इथे लढाई झाली तेव्हा शहराच्या बाजूने लढता लढता त्याला मरण आलं. तो पडला तिथेच अथेन्सकरांनी सरकारी खर्चाने त्याचं दफन केलं. दुसऱ्या क्रमांकावर सोलोन आर्गोसच्या दोन भावांना बसवतो. क्रीसस चिडतो. म्हणतो, माझं वैभव तुला इतकं कवडीमोल वाटतं की मला तू ‘इदिओतेस’ माणसांच्या पंगतीलाही बसवत नाहीस? म्हणजे शहरासाठी प्राण देणारा, शहराने मानाने पुरलेला टेलोस हा इदिओतेस आहे. तो राजा नाही, एवढाच त्याचा अर्थ. सार्वजनिक कामाला पाठ फिरवणाऱ्याला ग्रीक इदिओतेस म्हणत असं सांगणाऱ्यांनी या टेलोसचं काय करायचं ते ठरवावं.

राजकारणातही हीच रीत. इथेही इदिओतेस कुणाच्या विरुद्ध उभा आहे ते पाहावं लागतं, आणि तो मतदाराच्या विरुद्ध कधीच उभा नाही. चौथ्या शतकातल्या अथेन्सच्या भाषणांत त्याच्या समोर असतात ते वक्ते आणि सेनापती, म्हणजे ठराव मांडणारे, खटले भरणारे, पद भूषवणारे. आपण ज्यांना पुढारी म्हणतो ते. बाकीचे सगळे इदिओतेस. वर्षाला चाळीस सभा होत. प्निक्स टेकडीवर सकाळी माणसं जमत, पुढारी बोलत, आणि मग टेकडीवर बसलेले शेतकरी, कुंभार, खलाशी हात वर करत. त्यांच्या हातांवर युद्ध ठरे आणि तह ठरे. त्यांतला बहुतेक प्रत्येक जण शब्दशः इदिओतेस होता.

याचा सर्वांत लखलखीत पुरावा इ.स.पू. ३३० सालच्या एका खटल्यात आहे. क्टेसिफोन नावाच्या नागरिकाने काही वर्षांपूर्वी ठराव आणला होता की वक्ता-पुढारी डेमॉस्थेनिसला त्याच्या देशसेवेबद्दल सोन्याचा मुकुट द्यावा. ठराव बेकायदा आहे म्हणून एस्किनिसने क्टेसिफोनवर खटला भरला. खरा रोख अर्थात डेमॉस्थेनिसवर होता. हे दोघे जुने वैरी. एस्किनिस एके काळचा नट आणि कारकून, आवाज कमावलेला. समोर शेकडो ज्युरी, सगळे सामान्य नागरिक. त्यांना तो सांगतो की लोकशाही शहरात इदिओतेस हाच राजा असतो, कायद्याच्या आणि मताच्या बळावर. हे दोन्ही त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवलं की त्याने आपल्याच हाताने आपलं राज्य घालवलं. खटला एस्किनिस हरला, आणि इतका वाईट हरला की एक पंचमांश मतंही त्याला पडली नाहीत. त्याला अथेन्स सोडावं लागलं. पण त्याचं वाक्य उरलं. जिंकायला आलेला वक्ता ज्युरींना खूश करू पाहतो, त्यांचा अपमान करत नाही. त्याने त्यांना इदिओतेस म्हटलं, आणि त्याच दमात राजा म्हटलं. मत हातात असलेला माणूस म्हणजे इदिओतेस, हे अथेन्सच्या भर न्यायालयात बोललं गेलं आहे. फिरणाऱ्या वाक्यात नेमकं याच्या उलट सांगितलं जातं.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम आधार घेऊ, कारण तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पेलोपोनेशियन युद्धाच्या पहिल्या वर्षाअखेर, इ.स.पू. ४३१ च्या हिवाळ्यात, पेरिक्लिसने युद्धात पडलेल्यांच्या दफनाच्या वेळी भाषण केलं. थुसिडिडीजने ते दिलं आहे. त्यात पेरिक्लिस म्हणतो की सार्वजनिक कामात भाग न घेणाऱ्याला इतर लोक शांतताप्रिय समजतात, आम्ही मात्र त्याला निरुपयोगी समजतो. फिरणाऱ्या वाक्याचं मूळ बहुधा इथेच कुठेतरी असावं. पण मूळ ग्रीक उघडून बघा. शांतताप्रियसाठी तिथे ‘अप्राग्मोन’ आहे, म्हणजे कुणाच्या भानगडीत न पडणारा. निरुपयोगीसाठी ‘आख्रेइओस’ आहे. कामात भाग न घेणाऱ्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा पेरिक्लिसने इदिओतेस हा शब्द वापरलेला नाही.

सोलोनच्या नावावर एक कायदा सांगतात: शहरात यादवी माजली असताना जो कोणत्याच बाजूने शस्त्र उचलणार नाही त्याचे नागरिकत्वाचे हक्क जावेत. ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ या ग्रंथात तो आहे. हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. इजिप्तच्या वाळूत मिळालेल्या पपायरसवरून तो १८९१ मध्ये छापला गेला. तिथला शब्द ‘आतिमोस’ आहे, हक्क गमावलेला. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो की स्वभावतःच नगरराज्याबाहेर राहणारा एक तर माणसापेक्षा हलका असतो किंवा वरचढ. तिथला शब्द ‘आपोलिस’. अलिप्त नागरिकाला फटकारणारे हे तीन नामांकित उतारे, आणि तिन्हींत फटकाऱ्याचा शब्द निराळा.

यावर कुणी म्हणेल, शब्द बदलला म्हणून काय झालं, भावना तर तीच आहे ना? नाही, तीही नाही. पेरिक्लिस युद्धात उतरलेल्या शहराचा नेता होता, मृतांच्या आप्तांसमोर बोलत होता. त्याचं वाक्य हे अथेन्सचं एकमत नव्हे. त्याच शहराच्या न्यायालयांत खटला लढवणारा माणूस ज्युरींना आवर्जून सांगे की मी कोर्टाच्या पायऱ्या न चढणारा, आपलं काम बरं नि आपण बरं असा इदिओतेस आहे. ते सांगणं त्याला फायद्याचं वाटे, कारण ऐकणाऱ्यांना ती चालरीत सज्जनाची वाटे. सत्तरीतला सॉक्रेटिस इ.स.पू. ३९९ मध्ये आपल्या बचावात काय म्हणतो? न्यायासाठी खरोखर झगडायचं असेल आणि थोडा काळ तरी जिवंत राहायचं असेल, तर माणसाने इदिओतेस म्हणून जगावं, पुढारी म्हणून नव्हे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या शेवटी मृत आत्मे पुढचा जन्म निवडतात. ओडिसियसचा नंबर सगळ्यांत शेवटी येतो. आयुष्यभराच्या वणवणीने महत्त्वाकांक्षा विझलेली असते. इतरांनी दुर्लक्षिलेलं, एका कोपऱ्यात पडलेलं एक आयुष्य तो बराच वेळ शोधतो आणि सापडल्यावर आनंदाने उचलतो: भानगडीत न पडणाऱ्या इदिओतेसचं आयुष्य. पहिला नंबर लागला असता तरी हेच निवडलं असतं, असंही म्हणतो. ग्रीक वाङ्मयातला सर्वांत चतुर माणूस ज्या आयुष्याला हात घालतो ते आयुष्य ग्रीकांच्या लेखी मूर्खाचं असेल काय? आणि मूर्खाला मूर्ख म्हणायला ग्रीकांकडे शब्दांची वाण नव्हती. ‘मोरोस’ होता, ‘एलिथिओस’ होता. हा दुसरा तर आजच्या ग्रीक भाषेतही मूर्ख याच अर्थाने नांदतो आहे. ‘इदिओतिस’ आजच्या अथेन्समध्ये खासगी व्यक्ती या साध्या अर्थाने चालतो. खासगी शाळा आणि खासगी पार्किंग यांच्या पाट्यांवर त्याचंच विशेषण असतं.

इदिओतेसला कमीपणाची छटा कधीच नव्हती असं माझं म्हणणं नाही. होती, आणि ती वाढत गेली. पण ती कुणाच्या तोंडून येते, हा खरा प्रश्न आहे. ती जाणकाराच्या तोंडून येते. ज्याला एखादी विद्या येते तो ती न येणाऱ्याकडे वरून पाहतो, आणि त्या नजरेत इदिओतेसचा ‘अडाणी’ होतो.

रोममध्ये शब्द ‘इदिओता’ होऊन पोचला. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने सिसिलीचा लुटारू सुभेदार वेर्रेस याच्यावर खटला चालवला. मेसाना शहरातल्या हेयुस नावाच्या गृहस्थाच्या घरच्या देवघरात चार पुतळे होते: प्रॅक्सिटेलिसचा संगमरवरी मदन, मायरनचा म्हणून सांगितला जाणारा ब्राँझचा हर्क्युलिस, आणि डोक्यावर पूजेच्या टोपल्या घेतलेल्या दोन मुली, पॉलिक्लिटसच्या. वेर्रेसने ते लाटले. सिसेरो म्हणतो की हे पुतळे या कलामर्मज्ञालाच काय, तो ज्यांना ‘इदिओता’ म्हणतो त्या आमच्यासारख्यांनाही आनंद देतील असे होते. म्हणजे देवघर लुटणारा मर्मज्ञ, आणि ज्यांना कलेतलं कळत नाही असं तो समजतो ते सगळे इदिओता. तुच्छता कुठून कुठे वाहते ते इथे स्पष्ट दिसतं.

नव्या करारातही तेच. जेरुसलेमच्या धर्मसभेसमोर पेत्र आणि योहान हे कोळी निर्भयपणे बोलतात, तेव्हा सभेला नवल वाटतं, कारण ही माणसं बिनशिकलेली, इदिओतेस. पौल करिंथकरांना लिहिताना स्वतःबद्दलच हा शब्द वापरतो: भाषणकलेत मी इदिओतेस असेन, ज्ञानात नाही. मध्ययुगात लॅटिन न येणारा तो इदिओता ठरला, म्हणजे जवळजवळ सगळं गाव. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या मृत्युपत्रात, १२२६ साली, आपल्या सुरुवातीच्या बांधवांबद्दल लिहिलं की आम्ही इदिओता होतो आणि सगळ्यांच्या आज्ञेत होतो. त्याने ती तुच्छता अंगावर घेतली आणि तिला मान दिला.

त्याच्याही पुढे गेला तो निकोलस ऑफ कुसा. हा पंधराव्या शतकातला जर्मन धर्मगुरू, कार्डिनल, मोठा तत्त्वज्ञ. १४५० मध्ये त्याने काही संवाद लिहिले आणि त्यांचा नायक केला ‘इदिओता’. रोममध्ये ज्युबिलीचं वर्ष आहे, पुलावरून यात्रेकरूंची रीघ लागली आहे. ती बघत उभ्या असलेल्या एका तत्त्वज्ञाला एक वक्ता एका तळघरवजा खोलीत घेऊन जातो. तिथे इदिओता लाकडी चमचे कोरत बसलेला आहे. पाहुण्यांसमोर अशा कामात दिसल्याबद्दल त्याला यत्किंचितही लाज नाही. तो म्हणतो, चित्रकार आणि मूर्तिकार निसर्गात असलेल्या वस्तूंची नक्कल करतात. चमच्याचा मात्र निसर्गात नमुनाच नाही, त्याचा आकार फक्त माणसाच्या मनात आहे. हातातल्या लाकडापासून सुरुवात करून तो मन म्हणजे काय याचं विवेचन करतो आणि तत्त्वज्ञ शिष्यासारखा ऐकतो. शिकलेल्यांच्या पुस्तकांबाहेर, बाजारात मोजण्या-तोलण्यातही ज्ञान असतं, हा कुसाचा दावा होता. या शब्दाच्या इतिहासातलं हे सर्वांत उजळ पान. आपल्याकडे त्याचं नावही कुणाच्या कानावर नाही, आणि खोटं वाक्य मात्र पाठ आहे.

दुर्दैवाने शब्दाचं पुढचं भवितव्य कुसाच्या हाती नव्हतं, वकिलांच्या हाती होतं. इंग्लंडच्या कायद्यात ‘इडियट’ म्हणजे जन्मतः बुद्धी नसलेला. राजाच्या विशेषाधिकारांच्या जुन्या कायद्यानुसार अशा माणसाची जमीन राजाच्या ताब्यात जाई. त्याच्या पोटापाण्यापुरतं देऊन बाकीचं उत्पन्न राजा घेई. ज्याला नंतर वेड लागलं त्याच्या जमिनीचं उत्पन्न मात्र राजाला घेता येत नसे. त्यामुळे एखादा माणूस इडियट ठरतो की नाही हा पैशाचा प्रश्न होता, आणि तो ठरवण्यासाठी चौकशी बसे. १५३४ मध्ये अँथनी फिट्झहर्बर्ट या न्यायाधीशाने कसोटी लिहून ठेवली: वीस पेन्स मोजता येतात का, आई-बाप कोण ते सांगता येतं का, स्वतःचं वय सांगता येतं का. डोळ्यांसमोर आणा, टेबलावर नाणी पसरलेली, भोवती अधिकारी, आणि मोजणारा अठराव्या नाण्यावर चुकतो आहे. ग्रीक इदिओतेसला एस्किनिस राजा म्हणत होता. इथे राजा त्याची शेती घेतो आहे.

कायद्यातला तोच शब्द पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आला. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने ‘लुनॅटिक’ची व्याख्या केली तीच मुळी ‘इडियट किंवा मनोविकल व्यक्ती’ अशी. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची जागा घेईपर्यंत स्वतंत्र भारतातही ती व्याख्या टिकून होती. मधल्या काळात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनी शब्दाला मोजपट्टी लावली. १९१० मध्ये अमेरिकेत हेन्री गोडार्डने बुद्धिमापन चाचणीवरून पायऱ्या पाडल्या: ज्याचं मानसिक वय तीन वर्षांच्याही खाली तो इडियट, त्यावर इम्बेसाईल, आणि सर्वांत वरच्या पायरीसाठी त्याने ग्रीक ‘मोरोस’वरून ‘मोरॉन’ हा नवा शब्द घडवला. या शब्दांच्या जोरावर माणसं संस्थांत कोंडली गेली, अनेकांची सक्तीने नसबंदी झाली, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या नसबंदीवर शिक्कामोर्तब केलं.

आता मुद्द्याला येतो. १८५१ च्या ओहायो राज्याच्या संविधानात कलम आहे की कोणाही ‘इडियट’ला किंवा वेड्याला मतदाराचे हक्क नसतील. १८९० च्या मिसिसिपीच्या आणि १८९१ च्या केंटकीच्या संविधानांतही तोच शब्द, त्याच कामासाठी. इतिहासात ‘इडियट’ आणि ‘मत’ हे दोन शब्द कायद्याच्या एकाच वाक्यात खरोखर आले ते असे. मत न देणाऱ्याला इडियट म्हणण्यासाठी नव्हे, तर इडियट म्हणून माणसाचं मत काढून घेण्यासाठी. जी शिवी वापरून तुम्ही लोकांना मतदान केंद्राकडे हाकता आहात, त्याच शब्दाने ज्यांना त्या केंद्राच्या दारातून परत पाठवलं, ती खरीखुरी माणसं होती.

भारताचं संविधान या बाबतीत पुष्कळ सावध आहे. ३२६ व्या कलमात मनोविकलतेचा अपवाद आहे, पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केलं असेल तरच माणूस मतदार यादीला अपात्र ठरतो. बौद्धिक अपंगत्व असलेला प्रौढ मुलगा आपल्या आईचा हात धरून रांगेत उभा राहू शकतो आणि बोटाला शाई लावून घेऊ शकतो, हा त्याचा हक्क आहे. त्या आईला आयुष्यभर रस्त्यात, शाळेच्या दारात, नातेवाइकांच्या लग्नांत जो शब्द ऐकावा लागला, तोच शब्द मतदानाच्या आवाहनात तिला वाचायला लावणं ही क्रूर गोष्ट आहे. हे मी अतिसंवेदनशीलतेपोटी म्हणत नाही. शब्दाला इतिहास आहे, तो इतिहास या माणसांच्या अंगावरून गेला आहे, आणि ज्यांना व्युत्पत्ती सांगायची हौस आहे त्यांनी ती अर्धी सांगू नये.

‘अहो, पण यामुळे दहा माणसं मत द्यायला गेली तर बिघडलं कुठे?’ असं मला विचारलं जातं. माझं उत्तर असं की हे वाक्य मत न देणाऱ्याबद्दल आधीच निकाल देऊन बसतं: तो आळशी, तो स्वार्थी, तो मूर्ख. ते कारण विचारतच नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मतदान झालं. तो उसाचा गाळप हंगाम सुरू होण्याचा काळ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबं याच सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड ट्रॅक्टरमध्ये भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नाव गावच्या यादीत, कोयता दोनशे किलोमीटरवरच्या फडात. त्या जोडप्याला मत द्यायला गावी परतायचं तर भाडं जाणार, दोन दिवसांची मजुरी बुडणार, आणि मुकादम सोडेल की नाही ते वेगळंच. त्यांनी मत दिलं नाही तर ते इडियट? पुण्या-मुंबईतल्या सुट्टीवर निघालेल्या माणसाला आणि फडातल्या या माणसाला एकाच शिवीत बसवणारं वाक्य लोकशाहीचं भलं करत नाही. ते फक्त सांगणाऱ्याला आपण शहाण्यांच्या बाजूला आहोत असं वाटू देतं, आणि जाणकाराने साध्या माणसाला खाली ढकलण्याची जी चाल वेर्रेसने चालवली, तीच पुढे चालू ठेवतं.

अथेन्सकडून शिकायचंच असेल तर त्याने गैरहजेरीवर खरोखर काय केलं ते शिकू. गैरहजेरी तिथेही होती. चौथ्या शतकात साधारण तीस हजार प्रौढ पुरुष नागरिक आणि महत्त्वाच्या ठरावांना गणपूर्ती सहा हजारांची, म्हणजे पाचांतले चार आले नाहीत तरी काम चाले. स्त्रिया, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक तर मोजदादीतच नव्हते. ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२५ च्या ‘अखार्नियन्स’ नाटकाच्या सुरुवातीला एक शेतकरी पहाटे प्निक्सवर येऊन एकटाच बसला आहे. सभेची वेळ झाली तरी टेकडी रिकामी. सगळे खाली बाजारात गप्पा मारताहेत आणि लाल रंगात भिजवलेला दोर चुकवताहेत. तो दोर धरून बाजारातल्या रेंगाळणाऱ्यांना सभेकडे हाकलत, आणि ज्याच्या कपड्याला लाल डाग लागे तो उशीर करणारा म्हणून ओळखू येई. दोर होता, चेष्टा होती, पण ‘इदिओतेस’ म्हणून हिणवणं नव्हतं.

दोराने भागेना तेव्हा शहराने पैसे मोजले. ‘अथेन्सची राज्यव्यवस्था’ स्पष्ट सांगते की लोक सभेला येईनात, हात वर करायला माणसं जमवताना अधिकाऱ्यांची दमछाक होऊ लागली, तेव्हा आगिरिओसने हजेरीसाठी एक ओबोल देण्याची प्रथा सुरू केली, हेराक्लेइदेसने तो दोन केला, आणि पुन्हा आगिरिओसने तीन. पुढे साध्या सभेला एक द्राख्मा, म्हणजे सहा ओबोल, आणि मुख्य सभेला नऊ ओबोल मिळू लागले. अथेन्सला कळलं होतं की कुंभार चाक थांबवून टेकडी चढतो तेव्हा त्याचा दिवस बुडतो, आणि तो दिवस शहराने भरून द्यायला हवा.

आपल्या कायद्यातही याला जागा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब म्हणतं की मतदानाच्या दिवशी व्यवसाय, उद्योग किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला सुट्टी द्यावी आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. ज्याला एरवी सुट्टीची मजुरी मिळत नाही त्यालाही ती द्यावी. सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंडही आहे. मतदार जागृतीची भाषणं करणाऱ्यांनी, संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी, सदरं लिहिणाऱ्यांनी पुढच्या निवडणुकीआधी हे कलम पाठ करावं. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, इमारतीच्या रखवालदाराला, समोरच्या बांधकामावरच्या मजुराला त्या दिवशी भरपगारी रजा मिळते का ते विचारावं. साखर कारखान्यांना आणि मुकादमांना विचारावं की तोडणीची टोळी मतदानाला गावी कशी जाणार, आणि तिचं भाडं कोण भरणार.